हुशारांच्या गावी

शाळेतल्या पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. शेवटच्या बाकावरच्यांबद्दल त्याहून जास्त, कारण मोठेपणी लेखक बहुधा तेच होतात. पण मधल्या बाकांचं काय? वर्गात साठ मुलं असली तर पहिली पाच मास्तरांना नावानिशी ठाऊक असतात आणि शेवटची पाच हेडमास्तरांना. उरलेल्या पन्नासांना मास्तर "ए, तू रे, निळी चड्डी!" अशी हाक मारतात, आणि गणवेशच निळ्या चड्डीचा असल्यामुळे पन्नासच्या पन्नास उभी राहतात.

मी या पन्नासांतला. पाचवीपासून दहावीपर्यंत माझा नंबर सदतिसावा. एकदाच छत्तिसावा आला, तेव्हा प्रगतिपुस्तकावर सही करता करता वडिलांनी विचारलं, "कोण आजारी होतं रे?"

पुढे मी बी. कॉम. झालो. बी. कॉम. होणं ही काही करायची गोष्ट नव्हे. केस पिकतात तशी ती वयोमानाने होते. मग बँकेत चिकटलो. बँकेचं नाव मी सांगत नाही. बँकेनेही माझं नाव आजवर कुठे सांगितलेलं नाही, तेव्हा फिट्टंफाट.

तर २०१६च्या जूनमध्ये माझ्या बदलीचा हुकूम आला. शाखा, पवईच्या आयआयटीच्या आवारातली. मला आनंद झाला तो एवढ्यासाठीच, की डोंबिवलीहून कांजूरमार्ग एका गाडीत होतं आणि पुढे शेअर रिक्षा मिळत होती. पण आमच्या हिने तो हुकूम वाचला आणि तिचा चेहरा असा काही उजळला, की लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही तो इतका उजळल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी जिन्यात ती खालच्या काकूंना सांगत होती, "हे आता आयआयटीत असतात."

वाक्यात खोटं काहीच नव्हतं. आयआयटीतल्या मांजरीही आयआयटीतच असतात. पण सोसायटीत माझा भाव वधारला. पार्किंगच्या भांडणापलीकडे ज्यांनी दहा वर्षांत माझ्याशी ओळख ठेवली नव्हती, ते गृहस्थ संध्याकाळी चिरंजिवांना पुढे घालून दार वाजवू लागले. "याला जरा मार्गदर्शन करा." मी त्या मुलाला रिकरिंग डिपॉझिट उघडायला सांगत असे. एवढं एकच मार्गदर्शन मला अधिकारवाणीने करता येतं.

पहिल्या दिवशी मेन गेटातून आत शिरलो आणि आपण मुंबईतच आहोत ना, अशी शंका आली. एका अंगाला पवईचा तलाव, दुसऱ्या अंगाला विहारचा, आणि मधे झाडंच झाडं. पवईच्या तलावात मगरी आहेत आणि शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून अधूनमधून बिबळ्या फिरायला येतो, ही माहिती आमच्या शिपायाने पहिल्या चहाबरोबरच दिली. बिबळ्याला प्रवेशपरीक्षा नाही. गाईगुरांनाही नाही, ती रस्त्याच्या मधोमध अशा थाटात बसलेली असायची, की प्राध्यापकही वळसा घालून जात. आवारात फिरायला बस होती, तिला मुलं 'टमटम' म्हणत. अणुरेणूंचा अभ्यास करणारी मुलं "टमटम आली, टमटम आली" करत धावताना पाहून माझ्या मनातली निम्मी भीती पहिल्याच दिवशी पळाली.

उरलेली निम्मी आकड्यांची होती. ही संस्था १९५८ साली सुरू झाली ती पवईत नव्हे, तर वरळीला, सॅस्मिराच्या इमारतीत, पाहुणी म्हणून. पहिल्या वर्षी ३,४००हून जास्त अर्ज आले आणि १०० मुलं घेतली. पवईला पंडित नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली ती १० मार्च १९५९ रोजी. यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत रशियाने दिले. बोधवाक्य घेतलं संस्कृतातलं, 'ज्ञानं परमं ध्येयम्'. म्हणजे जागा मुंबईची, मदत रशियाची आणि ध्येय संस्कृतमधलं. एवढी तयारी असल्यावर सदतिसाव्या नंबरवाल्याला तिथे कोण विचारतो?

हिशेबच सांगायचा तर २०२४ साली देशात आयआयट्या २३ होत्या आणि त्यांत मिळून १७,७४० जागा. आधी दहा लाखांवर मुलांनी 'जेईई मेन' दिली. त्यांतून निवडलेल्यांपैकी 'अ‍ॅडव्हान्स्ड'ला प्रत्यक्ष बसली १,८०,२०० आणि पात्र ठरली ४८,२४८. परीक्षा एकाच दिवशी, सकाळी तीन तास आणि दुपारी तीन तास. मधल्या वेळात डबा. तो डबा घशाखाली कसा उतरत असेल, हा प्रश्न मला त्या पेपरातल्या सगळ्या प्रश्नांहून अवघड वाटतो. आणि हे सगळं पार पाडूनही मुंबईला कॉम्प्युटर सायन्स हवं असेल, तर अख्ख्या देशात पहिल्या शंभरात नंबर लागावा लागतो. मी वर्गात पहिल्या शंभरात नेहमीच असे, पण वर्गच साठांचा होता.

अशी ही मुलं कशी दिसत असतील? माझ्या डोळ्यांपुढे जाड भिंगाचा चष्मा, तेल लावून चापलेले केस आणि काखेत ग्रंथ असं चित्र होतं. प्रत्यक्षात सकाळी अकरा वाजता काउंटरशी जो उभा राहिला, तो नुकताच अंथरुणातून उठून आला होता. अर्धी चड्डी, ज्या शर्टात झोपला तोच शर्ट, पायांत स्लिपर. एका स्लिपरचा पट्टा निळा आणि दुसरीचा हिरवा होता. मी म्हटलं, "अरे, हे जोड वेगवेगळे आहेत." तो खाली बघून म्हणाला, "हो सर, रूमवर आणखी एक असाच जोड आहे."

कपड्यांचं हे औदासीन्य म्हणे पुढेही टिकतं. मनोहर पर्रीकर इथूनच १९७८ साली मेटलर्जीचे इंजिनीअर होऊन बाहेर पडले, आणि पुढे गोव्याचे मुख्यमंत्री झाले, देशाचे संरक्षणमंत्री झाले, तरी अर्ध्या बाह्यांचा शर्ट काही सुटला नाही. लोक याचं श्रेय गोव्याच्या हवेला देतात. त्यात थोडा वाटा पवईच्या हॉस्टेलचाही असावा, असा मला दाट संशय आहे. त्याच १९७८च्या तुकडीत इलेक्ट्रिकलला नंदन निलेकणी होते. त्यांनी पुढे 'आधार'ची योजना उभी केली. म्हणजे ज्या कार्डाची झेरॉक्स मी दिवसभर या मुलांकडे मागत होतो, त्या कार्डामागचा माणूस याच रस्त्यांवर सायकल हाणत असणार. आणि या मुलांकडे नेमकी तीच झेरॉक्स नसायची!

बँकेचं काउंटर ही माणूस पाहण्याची फार चांगली जागा आहे. वर्गात माणूस जे येतं ते दाखवतो; बँकेत जे येत नाही ते दिसतं. ही मुलं चहासुद्धा मोबाइलवर पैसे भरून पिणारी. पैसे भरायची स्लिप हातात दिली, की पुरातत्त्व खात्याने एखादा ताम्रपट पाहावा तशी उलटसुलट करून बघत. एकाने मला बचत खात्यावरचं व्याज रोजच्या शिल्लकीवर कसं निघतं ते विचारलं आणि मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत स्वतःचं तिमाहीचं व्याज तोंडी सांगितलं. पैशापर्यंत बरोबर! त्याच मुलाने चेकवर सहीच्या जागी तारीख आणि तारखेच्या जागी सही केली होती. दुसऱ्याला चेकच्या कोपऱ्यातल्या दोन तिरप्या रेघांचं कोडं पडलं.

"सर, या पॅरलल लाइन्स कशासाठी?"

"समांतर रेषा कुठे मिळतात, शिकला आहेस ना?"

"अनंतात."

"या दोन थेट खात्यात मिळतात. अशा चेकचे पैसे रोख मिळत नाहीत."

त्याने ते वहीत लिहून घेतलं. आयआयटीतल्या मुलाने माझं एखादं वाक्य वहीत उतरवावं! मी त्या दिवशी घरी जाताना हिच्यासाठी गजरा घेतला.

खरी गंमत होती ती भाषेची. आमचे आणि त्यांचे शब्द एकच, अर्थ निराळे. तिथे संस्थेला 'इन्स्टी' म्हणायचं, घोकंपट्टी करणारा तो 'मग्गू', काहीच न करणारा तो 'लुक्खा', हे मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या बँकेतही दोन्ही जातींचे नमुने आहेत. पण एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता, "सीनिअरकडून फंडे घे." मला वाटलं, उसने पैसे घ्यायला सांगतोय. फंडे म्हणजे सल्ला, हे मागाहून समजलं. दुसरा एक जण फोनवर कुणाला रडवेल्या आवाजात सांगत होता, की माझे सहा क्रेडिट अडकलेत. मी लगबगीने त्याचा खाते नंबर विचारला. क्रेडिट म्हणजे आमच्याकडे जमा. त्यांच्याकडे विषयाचं वजन.

कळस झाला तो 'ब्रँच चेंज'चा. एक शांत चेहऱ्याची मुलगी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ब्रँच चेंज करून मिळेल का?"

मी म्हटलं, "का नाही? हा फॉर्म भर, आधारची झेरॉक्स जोड. दोन दिवसांत होऊन जाईल."

तिच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य आणि जो आनंद उमटला, तो माझ्या नोकरीत कुठल्याही ग्राहकाच्या चेहऱ्यावर मी पाहिलेला नाही. त्या काळी पहिल्या वर्षाच्या कामगिरीवर मोजक्या मुलांना अभ्यासाची शाखा बदलून मिळत असे आणि त्यासाठी मुलं वर्षभर जिवाचं रान करत. ते दोन दिवसांत, आधारच्या झेरॉक्सवर? खुलासा झाल्यावर ती इतकी हसली, की मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. तिला खातं गावच्या शाखेतून इकडे आणायचं होतं. पण विचारताना तिच्या डोक्यात दुसरीच ब्रँच घोळत होती.

मग आला २०१६चा नोव्हेंबर. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि देशभर बँकांसमोर रांगा लागल्या, तशा आमच्याकडेही लागल्या. फरक एवढाच, की आमच्या रांगेतला एक जण रांगेचाच अभ्यास करणारा निघाला. रांगांवर म्हणे गणिताची एक अख्खी शाखा आहे. येणारी माणसं जाणाऱ्यांपेक्षा वेगाने येत राहिली, तर रांग वाढतच जाते, असं त्याने मला सूत्र लिहून दाखवलं. मी म्हटलं, "बाबा रे, हे मला खिडकीतून दिसतंय." पण पुढे तो म्हणाला, की प्रत्येक खिडकीला वेगळी रांग लावण्यापेक्षा सगळ्यांची एकच रांग करा आणि जी खिडकी रिकामी होईल तिथे पुढचा माणूस पाठवा. मॅनेजरांना पटलं. रांग तितकीच राहिली, पण 'शेजारची रांग भराभर सरकते' हे दुःख नाहीसं झालं, आणि भांडणं थांबली. त्या दिवशी मला शिक्षणाचा उपयोग समजला. शिक्षणाने रांग संपत नाही, पण रांगेतला माणूस शेजाऱ्याकडे बघून जळायचा थांबतो.

एवढं शिक्षण मात्र या मुलांना स्वतःच्या रांगेबद्दल कुणी दिलं नव्हतं. ते मला पुढच्या वर्षी कळलं.

जुलैच्या शेवटी नवी मुलं येतात तेव्हा आवारात एक निराळीच जत्रा भरते. मुलाच्या हातात मोबाइल, आईच्या हातात लाडवांचा डबा आणि बापाच्या डोक्यावर ट्रंक. बंगळूरचे विमानाने आलेले आईबाप आणि लातूरकडून रात्रभर एसटीत बसून आलेले आईबाप, दोघंही हॉस्टेलच्या दाराशी सारखेच केविलवाणे दिसतात. हॉस्टेलांनाही बहुतेक नावं नाहीत, नंबर आहेत. नंबरावर आलेल्या मुलाने राहायचंही नंबरातच.

२०१७च्या जुलैत असे एक शेतकरी गृहस्थ मुलाला घेऊन माझ्यासमोर बसले. पांढरी टोपी, स्वच्छ धुतलेलं धोतर, कागद सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी कापडी पिशवीत. फी वर्षाला दोन लाख, हे ऐकून त्यांनी गावाहून निघतानाच छातीवर दगड ठेवला होता. पण घरचं उत्पन्न लाखाच्या आत असेल तर ती फी पूर्ण माफ होते, आणि एक ते पाच लाखांच्या मधे असेल तर दोन तृतीयांश माफ. त्यांची पूर्ण माफ झाली होती. तो कागद त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. पहिल्यांदा समजण्यासाठी, दुसऱ्यांदा ऐकायला बरं वाटतं म्हणून.

निघताना ते माझा हात धरून म्हणाले, "साहेब, लेकरू कधी घर सोडून ऱ्हायलं नाही. तुम्ही आपल्या मुलखातले दिसता. जरा ध्यान असू द्या."

मी एक क्लार्क. माझं लक्ष असायचं कॅश जुळण्याकडे. पण नाही म्हणायचा धीर झाला नाही. बँकेत लोक सोनं ठेवून जातात, दागिने ठेवून जातात. हा माणूस लेकरू ठेवून गेला, आणि त्याची पावतीसुद्धा मागितली नाही.

मुलगा खरोखरच शांत होता. पंधरा दिवसांतून एकदा पासबुक भरायला येई, "नमस्कार सर" म्हणे आणि जाई. बाकीची पोरं मला 'अंकल' म्हणत, हा 'सर' म्हणे, म्हणून माझा त्याच्यावर जरा जास्तच लोभ होता.

डिसेंबर उजाडला. पहिलं सत्र संपलं, निकाल लागले. आवारात 'मूड इंडिगो'ची धामधूम सुरू झाली होती. हा सत्तरच्या दशकात सुरू झालेला मुलांचा उत्सव, आता इतका मोठा की बाहेरच्या कॉलेजांतली पोरं त्यासाठी वर्षभर वाट बघतात. जिकडेतिकडे मांडव, दिव्यांच्या माळा, झाडावर चढून कापड बांधणारी उद्याची शास्त्रज्ञ मंडळी. आणि चार वाजायला दहा मिनिटं असताना हा मुलगा काउंटरशी येऊन उभा राहिला. पासबुक पुढे केलं. ते मी परवाच भरून दिलं होतं. नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे. काम नसताना माणूस बँकेत आला, तर त्याला दुसरीकडे कुठे जायला जागा नाही असं समजावं.

"काय रे, चेहरा का उतरला?"

"सर, डीडी मिळाला."

"अरे वा! मग दे की इकडे, आजच जमा करू. कितीचा आहे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "चार."

"चार रुपयांचा डीडी? अरे, त्याचं कमिशनच त्याहून जास्त झालं असेल!"

तो हसला. म्हणजे हसायला सुरुवात केली, पण ते हसू मधेच कुठेतरी घसरलं आणि त्याने मान खाली घातली.

मी खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली आणि त्याला आत बाकावर बसवलं. मग उलगडा झाला. त्यांच्याकडे मार्क नसतात, अक्षरं असतात. एए म्हणजे दहा पॉइंट, एबी नऊ, असं उतरत उतरत डीडी म्हणजे चार. त्याखाली नापास. डीडी म्हणजे पास, पण काठावरून. शिवाय बऱ्याच विषयांत तुम्ही किती मार्क मिळवले यापेक्षा वर्गातल्या इतरांच्या मानाने तुम्ही कुठे आहात, यावर ते अक्षर ठरतं. आणि इतर कोण? तर प्रत्येक जण आपापल्या शाळेतला पहिला.

"सर, मी पहिलीपासून पहिला. तालुक्यात पहिला. दुसरा नंबर कसा लागतो तेसुद्धा मला माहीत नव्हतं."

"घरी सांगितलंस?"

"नाही."

"सुट्टीला कधी जाणार?"

"जात नाही, सर. वेशीवर अजून माझा फ्लेक्स आहे. 'गावाचा अभिमान' म्हणून. घरी जायचं तर त्याच्याखालूनच जावं लागतं."

यावर काय बोलावं, मला सुचेना. गणितात मी त्याला काय शिकवणार? पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की एका विषयात मी या पोराच्या कितीतरी पुढे आहे. त्या विषयाचा माझा अभ्यास चाळीस वर्षांचा आहे.

मी म्हटलं, "शाळेत माझा नंबर सदतिसावा असे."

त्याने मान वर केली. "कितीपैकी?"

"साठांपैकी. पाचवीपासून दहावीपर्यंत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? घरी गेलो, जेवलो. संध्याकाळी अडतिसाव्याबरोबर क्रिकेट खेळलो. तो अडतिसावा अजून माझा मित्र आहे. परवाच त्याच्या मुलीच्या बारशाला जाऊन आलो. पहिला यायचा त्याला आम्हांपैकी कुणीच खेळायला बोलावत नव्हतं. त्याला एकाच बाजूला शेजारी. आम्हांला दोन्ही बाजूंना."

तो गप्प होता, पण ऐकत होता. मी जरा जोरात आलो. "हे बघ, आम्हांला बी. कॉम.ला स्टॅटिस्टिक्स होतं. त्यातलं एकच माझ्या ध्यानात राहिलंय, मीडियन. कितीही हुशार मुलं गोळा करा, ओळीने उभी करा. निम्मी मधल्याच्या वरची आणि निम्मी खालची. देशातली सगळी पहिली मुलं एका खोलीत कोंडलीत, तरी त्यांतली निम्मी मधल्याच्या खालीच जाणार. तो त्या मुलांचा दोष नाही, खोलीचा गुण आहे."

"हे मला माहीत आहे, सर."

"माहीत असणार. तुला मीडियनची व्याख्या ठाऊक आहे. मी त्यात राहतो."

या वेळी तो हसला ते पूर्ण हसला.

तरी मी काही डॉक्टर नव्हे. बँकेच्या बाकावर बसून बोललेल्या चार शब्दांनी सगळं मार्गी लागतं, असं मानण्याइतका भाबडा मी नाही. नव्या मुलांना वरच्या वर्गातला एक एक मार्गदर्शक नेमून देण्याची तिथे पद्धत आहे. "त्याला भेटलास का?" विचारलं. नव्हता भेटला; पहिल्या नंबरच्या मुलांना मदत मागायची सवय नसते, आजवर त्यांच्याकडेच लोक मागत आलेले असतात. मी त्याला तिथून, माझ्यासमोर, फोन करायला लावला. दहा मिनिटांत दाढी वाढलेला एक सीनिअर सायकलवरून धापा टाकत आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बस, एकच? पहिल्या सेममध्ये मला दोन डीडी होते." आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला कॅन्टीनला घेऊन गेला. सदतिसाव्याला अडतिसावा भेटला होता. त्या दिवशी मला डोंबिवलीची गाडी एक तास उशिराची मिळाली, आणि चक्क बसायला जागा मिळाली.

तो सुट्टीला गावी गेला. जानेवारीत परत आल्यावर पहिल्यांदा बँकेत आला आणि काउंटरवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ठेवला. ग्राहकाकडून भेट घेणं आमच्या नियमांत बसत नाही, म्हणून तो डबा मी लगेच स्टाफमध्ये वाटून पुरावा नष्ट केला.

"आणि तुझा फ्लेक्स?" मी हळूच विचारलं.

"काढला, सर. तिथे आता आमदारांचा वाढदिवस लागलाय."

दोघंही पोट धरून हसलो. गावाचा अभिमान तीन-चार महिन्यांचा असतो, हे त्याला गावच्या वेशीवर समजलं. आयआयटीत असले विषय शिकवत नाहीत.

पुढच्या मे महिन्यात, वर्ष संपल्यावर, त्याचे वडील ट्रंक न्यायला आले. तीच टोपी, तीच कापडी पिशवी. मुलगा टमटमच्या थांब्यावर सामान राखत बसला होता. हे एकटेच आत आले, इकडेतिकडे बघितलं आणि काउंटरवर वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, एक विचारू का? त्याला विचारलं तर नुस्तं हसतंय. नंबर कितवा हाय त्याचा हितं?"

मी पेचात पडलो. दुसऱ्याच्या खात्यातली शिल्लक सांगायची नाही, हा बँकेचा पहिला धर्म. बाप झाला तरी.

मी म्हटलं, "नंबर मला माहीत नाही. पण वेळेवर जेवतो. रात्री झोपतो. दोन-तीन मित्र आहेत, त्यांच्याबरोबर क्रिकेट खेळताना दिसतो. काही अडलं तर विचारतो."

ते क्षणभर थांबले. मग टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"म्हंजी बरं चाललंय म्हणा की!"

"शिल्लक चांगली आहे," मी म्हटलं.